येतील मागायला

तेराव्याच्या पंगतीत लोक हसत होते. मी बुंदी वाढत फिरत होते आणि एकेक किस्सा कानावर पडत होता. म्हाताऱ्याच्या घरात मांजर शिरलं तर त्याला बाहेर यायची वाट गावायची नाही. म्हातारा बसस्टँडवर झाडूवालीशी कचऱ्यावरून भांडायचा. मग माझ्या नवऱ्याचा एक चुलतभाऊ म्हणाला, "आता वर जाऊन देवळाभायल्या चपला गोळा करत बसला असंल बघा." सगळी पंगत खदखदली. मी बुंदीचं ताट त्याच्या पानासमोर आदळलं.

"काय झालं ओ वैनी?"

"काय न्हाय. जेवा तुम्ही."

माणूस गेलेल्या घरात भांडण नको म्हणून मी त्या दिवशी गिळलं. पण तो राग अजून घशाशी आहे. हसणाऱ्यांचा आहे, माझ्या नवऱ्याचा आणि दिराचा आहे, आणि गेलेल्या माणसाचा तर आहेच आहे. ते माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्ती.

मामा सरकारी बसवर कंडक्टर होते. निपाणी-बेळगाव, निपाणी-चिकोडी, कधीमधी कोल्हापूर. अंगानं किडकिडीत, पण गाडीत आवाज असा की मागच्या सीटवरचा झोपलेला माणूस उठून बसावा. "पुढं सरका, मुंदे होग्री" हे मराठीत-कन्नडात एका दमात म्हणायचे. घरात मात्र कधी आवाज चढवला नाही. घरात ते हळू बोलायचे, हळू चालायचे, आणि घर भरत राहायचे.

सुरुवात गाडीतल्या विसरलेल्या वस्तूंपासून झाली. नियम असा की गाडीत सापडलेलं डेपोत जमा करायचं. चांगली छत्री, बॅग, मोबाइल ते जमा करायचे, त्यात कधी खोट निघाली नाही. पण लहान मुलाचा एक बूट, डब्याचं झाकण, चष्म्याचं रिकामं घर, बाटलीचं टोपण असलं काही नेलं की डेपोतले साहेब ओरडायचे, "हे कशाला आणलं? फेक तिकडं." ते मामांना जमायचं नाही. ते सगळं घरी यायचं. सुतळीनं बांधून, भिंतीला लावून, नीट रचून.

"येतील मागायला," असं म्हणायचे.

मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या पुढच्या खोलीत आढ्याला छत्र्या टांगलेल्या होत्या. मधल्या खोलीत छातीइतके ढीग, त्यांच्यामधून एक बोळ. त्या बोळातून आडवं होऊन चालायचं. माझी माहेरची ट्रंक ठेवायला जागा नव्हती, ती कित्येक महिने अंगणात ताडपत्रीखाली होती. स्वयंपाकघरात एकाच बाईनं उभं राहायचं. आत्ती आत असल्या की मी उंबऱ्यावर बसून भाजी चिरायची. मला वाटलं होतं, आपण नव्या आहोत, चार दिवसांत आवरून टाकू. म्हणून मी एक तडकलेलं प्लॅस्टिकचं झाकण कचऱ्यात टाकलं. संध्याकाळी बघते तर मामा अंगणात बसून ते झाकण धुतायत. धुऊन, धोतराच्या सोग्याला पुसून, उन्हाला ठेवलं.

"मामा, ते फुटलंय."

"फुटलंय की. पण ते तुझं न्हवं, माझंबी न्हवं. मग टाकायचा हक्क कुणाला?"

मी आत्तींकडं बघितलं. त्या पोळी लाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नको नादाला लागू. माझं सगळं बोलून झालंय."

लोक त्यांना चिक्कू म्हणायचे. हे खोटं आहे. चिक्कू माणूस वेगळा असतो. मामांना निवृत्तीच्या दिवशी मिळालेली शाल त्यांनी घरी येता येता स्टँडवरच्या एका म्हातारीच्या खांद्यावर टाकली. नवीन शर्ट कुणी मागितला तर अंगातून काढून द्यायचे. स्वतःचं देताना त्यांचा हात कधी अडला नाही. अडायचा तो दुसऱ्यानं टाकलेलं टाकताना. आळशीही नव्हते. पहाटे उठून अंगण झाडायचे, आणि झाडताना जे सापडायचं ते उचलून आत आणायचे.

निवृत्त झाल्यावर तर सगळा दिवस मोकळा. रोज स्टँडवर जायचे. आता विसरलेलं आणि टाकलेलं यातला फरकच संपला. पाण्याच्या बाटल्या, वर्तमानपत्रं, खोकी, औषधांच्या रिकाम्या पाकिटांपर्यंत सगळं येऊ लागलं. मी औषधाच्या दुकानात कामाला आहे. आपण दुकानात फाडून दिलेली पाकिटं आपल्याच घरात परत बघायची म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं. मी नवऱ्याशी भांडले. नवरा म्हणायचा, "सोड की, म्हातारं माणूस हाय." धाकटे दीर बेंगळूरहून फोनवर हसायचे. शेजारणी मला विचारायच्या, "सून असून घर असं कसं गं?" घर मामा भरणार आणि बोल मला. माझ्या रागाची सुरुवात तिथली आहे.

मग आत्ती पडल्या.

सकाळची वेळ. त्या न्हाणीघराकडं पाण्याची कळशी घेऊन त्या बोळातून चालल्या होत्या. खोक्यांचा एक ढीग सरकला आणि त्यांच्यावर आला. मी मागं होते. कळशीचा आवाज आला, मग आत्तींचा. खुब्याचं हाड मोडलं होतं, पाय भलतीकडंच वळलेला. अँब्युलन्स आली, पण स्ट्रेचर दारातून आत वळेना. शेवटी अँब्युलन्सवरच्या दोन पोरांनी आणि माझ्या नवऱ्यानं आत्तींना चादरीत घातलं आणि ढिगांच्या वरून, हातांवर उचलून बाहेर काढलं. प्रत्येक पावलाला त्या ओरडत होत्या. गल्ली गोळा झाली होती.

आणि मामा काय करत होते? खाली बसून पडलेली खोकी उचलत होते. उचलून परत भिंतीला रचत होते.

मी सासऱ्यांसमोर आवाज न काढणारी बाई. त्या दिवशी गल्लीला ऐकू जाईल असं किंचाळले, "मामा, माणूस पडलंय! माणूस!"

त्यांनी वर बघितलं. घामानं डबडबलेले. म्हणाले, "व्हय गं व्हय. वाट करतोय न्हवं."

ते खरंच वाट करत होते, हे मला लई उशिरा कळलं. वाट करायची म्हणजे रचायचं, एवढंच त्यांना येत होतं. पण कळलं म्हणून राग गेला असं नाही. आत्तींचं ते ओरडणं माझ्या कानात आहे.

बेळगावच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मामा आत्तींच्या उशाशी स्टूल घेऊन बसले ते उठेनात. मी त्यांच्याबरोबर होते. तेवढ्यात इकडं दोघा भावांनी ठरवलं. धाकटे बेंगळूरहून आले, ट्रॅक्टर सांगितला, आणि बाप घरात नसताना घर रिकामं केलं. मला कुणी विचारलं नाही. आत्तींना नाही. मामांना तर नाहीच.

आम्हाला ते कसं कळलं तेही सांगते. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा भाऊ मोबाइल बघत हसत होता. त्यानं कौतुकानं मोबाइल मामांच्या पुढं धरला. "काका, हे बघा निपाणीचं घर. कसली माणसं असत्यात!" आमच्या गल्लीतल्या कुणीतरी व्हिडिओ काढला होता आणि मागं लग्नातल्या बँडचं गाणं लावलं होतं. माझा दीर खोऱ्यानं ढीग ट्रॉलीत ओढतोय, छत्र्या दोरीसकट आढ्यावरून खाली येतायत, पोरं त्या उघडून नाचतायत. त्या माणसाला काय माहीत, घर कुणाचं ते. मी हात पुढं केला, पण मामांनी मोबाइल घट्ट धरला होता. शेवटपर्यंत बघितलं. मग त्याचा त्याला परत दिला आणि मला हळूच म्हणाले,

"जरा सावकाश उचला म्हणावं त्यास्नी."

एवढंच.

घरी आल्यावर ते पुढच्या खोलीच्या मधोमध उभे राहिले. बोललं की आवाज घुमत होता. नवरा हसत म्हणाला, "बघा आप्पा, घर कसं मोकळं झालं." मामांनी भिंतीला हात लावला, तिथं रंग सोललेला होता. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. आठवडाभर ते पाणी आणि चहावर होते, आणि माझा नवरा मला सांगत होता, नाटक आहे, उतरंल.

नाटक नव्हतं. आठवड्यानंतर ते सकाळी बाहेर पडू लागले, आणि स्टँडवर नाही, थेट गावाबाहेर कचरा टाकतात तिथं. दुपारी पोतं घेऊन यायचे. पोत्यात काहीही. भिजलेली फडकी, कुजलेला कागद, मांजरांनी उकरलेल्या पिशव्या. "मामा, हे काय?" विचारलं की म्हणायचे, "ह्यातच असंल कुठंतरी." आपल्या वस्तू त्यात शोधत होते. सापडत नव्हत्या म्हणून जे हाताला लागेल ते आणत होते. आधी घर भरायला पूर्ण आयुष्य गेलं होतं. या वेळी पावसाळा सुरू व्हायच्या आत पुढच्या खोलीपासून मागच्या खोलीपर्यंत सगळं भरलं, मधे परत तोच बोळ, आणि आता वास येऊ लागला. आधीचं निदान कोरडं होतं. ज्यांनी व्हिडिओ बघून हसून घेतलं होतं त्यांनीच मग नगरपालिकेत तक्रार दिली.

दोघा भावांनी एका दिवसात फोटो काढण्यासारखं काम केलं आणि धाकटे बेंगळूरला परत गेले. मागं जे झालं ते माझ्या पदरात आलं.

गावातल्या डॉक्टरांकडं नेलं. ते हसले. "आजोबा, भंगाराचं दुकान काढा." आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्या मीच रोज काउंटरवर विकते, मला माहीत नाही का त्यानं काय होतं ते? चिठ्ठी मी दवाखान्याच्या पायरीवरच फाडली. माझ्या दुकानात येणाऱ्या एका सिस्टरनं सांगितलं, बेळगावात मोठ्या दवाखान्यात मानसिक आजारांचा विभाग आहे, तिथं दाखव. नवरा म्हणाला, "माझा बाप येडा न्हाय." मी म्हटलं, "मग तुम्ही सांभाळा." आणि मामांना घेऊन मीच बेळगावची गाडी धरली.

तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, मामा मनानं पार खचलेत म्हणून एक औषध सुरू केलं, आणि म्हणाले, खरं काम बाईंकडं. त्या समुपदेशक बाई कन्नड बोलणाऱ्या, मराठी अडखळत बोलायच्या. मामांशी त्या कन्नडमध्येच बोलल्या. कुठल्या रूटला होतात, पहिली गाडी किती वाजता सुटायची, असलंच काहीबाही. किती दिवसांनी कुणी त्यांना कचऱ्याखेरीज दुसरं काही विचारलं असेल. मग मला एकटीला आत बोलावलं.

मी सगळं ओकले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हा आजार आहे. आळस नाही, हट्ट नाही. टाकायची वेळ आली की ह्यांना खरोखर दुखतं. गरम तवा लागला की आपण हात मागं घेतो, तसं."

"पण का? काय झालं म्हणून असं?"

सगळ्यांना हेच पाहिजे होतं. नातेवाइकांनी तर गोष्टी तयारच ठेवल्या होत्या. लहानपणी उपाशी राहिला असेल, कुणीतरी शाप दिला असेल. बाईंनी मामांना विचारलं होतं, त्यांचे वडीलही असेच होते म्हणे. "कारण एकच नसतं," त्या म्हणाल्या. "घराण्यात असतं, स्वभावात असतं, ठेवू का टाकू हे ठरवणं ह्यांना फार जड जातं. कारण सापडलं तरी ढीग कमी होणार नाही. तुम्ही एक करा. त्यांच्या वस्तूला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

मी उसळले. "म्हणजे मी गप्प बसून वास घ्यायचा?"

"वास येणारं आधी काढू, पण त्यांच्याच हातानं. तुमच्या लोकांनी ट्रॅक्टर आणला, काय झालं?"

घरी आल्यावर त्या म्हणाल्या तसंच सुरू केलं.

रोज संध्याकाळी दुकानातून आले की मी चहा घ्यायचे आणि आम्ही दोघं अंगणात बसायचो. एका वेळी एक वस्तू. मामांनी ती हातात घ्यायची, काय वाटतं ते बोलायचं, आणि ठेवायचं का टाकायचं ते त्यांनीच ठरवायचं. मी फक्त बसायचं. कुजलेलं लवकर गेलं, त्याचा त्यांनाही त्रास होत होता. खरी लढाई धडक्या वस्तूंशी होती. एकदा लहान मुलाची एक चप्पल होती, लाल पट्ट्याची. ती धरून ते बसले. कपाळावर घाम.

"टाकली आणि ते पोरगं आलं तर?"

मला म्हणायचं होतं, उकिरड्यावरची चप्पल मागाय कोण पोरगं येतंय मामा. जीभ चावली. बाईंनी सांगितलं होतं, वाद घालू नका, थांबा, त्रास आपोआप उतरतो. थांबले. बाजूच्या घरात टीव्हीवरची मालिका संपली. मामांचा श्वास हळूहळू खाली आला. मग त्यांनी ती चप्पल पोत्यात सोडली, आणि पोत्याकडं पाठ करून बसले. सकाळी घंटागाडी येऊन गेली. त्यानंतर ते माझ्याकडं आले, जरा चकित झाल्यासारखे.

"झोप लागली गं मला."

काही दिवस उलटं व्हायचं. टाकलेलं रस्त्यावरून परत आणायचे. मग मी आत जाऊन भांडी आदळायचे. मी काही शांत, सोशिक सून नव्हते, तसं कुणी समजू नये. चीड गिळून बसण्यापलीकडं मला काही येत नव्हतं, आणि तेवढं मी केलं.

दुसरा अभ्यास होता नवीन न आणण्याचा. सुट्टीच्या दिवशी मी त्यांना स्टँडवर न्यायचे. जायचं, बघायचं, रिकाम्या हातानं परत यायचं. कोगनोळीहून आलेली गाडी रिकामी झाली आणि फलाटावरच्या बाकाखाली कुणाची तरी टोपी राहिलेली. मामा तिच्यासमोर उभे. ऊन मी म्हणत होतं. लोक बघत होते, ओळखीचे लोक, व्हिडिओ बघितलेले लोक.

"चला की मामा."

"थांब जरा. मन सुटंना अजून."

किती वेळ उभे होतो कोण जाणे. झाडूवाली आली, तिनं टोपी ओढून नेली. मामांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "चल." हात रिकामे होते, आणि ते हात त्यांनी पाठीमागं एकमेकांत घट्ट धरले होते.

आत्ती दवाखान्यातून सुटल्यापासून सांबऱ्याला, माझ्या नणंदेकडं होत्या. मामांनी फोन केला तरी फोनवर यायच्या नाहीत. नणंदेतर्फे एकच निरोप: "वॉकर फिरवाय जागा झाली की सांगा. तवर मी त्या घरात पाय टाकत न्हाय." त्या बाईनं उभ्या जन्मात पहिल्यांदा अट घातली होती, आणि मला तिचा अभिमान वाटला. मामांना मी तो निरोप जसाच्या तसा सांगितला. मऊ केला नाही.

दाखवायला नेण्यासारखं घर शेवटपर्यंत झालं नाही. मागची खोली भरलेलीच राहिली, मामा गेले तेव्हाही भरलेली होती. पण पुढची खोली झाली. बोळ रुंद होत होत बोळ राहिला नाही. स्वयंपाकघराची फरशी मळाखाली कोणत्या रंगाची आहे ते मला पहिल्यांदा कळलं. मामांनी ती फरशी स्वतः घासली, गुडघ्यावर बसून. मग नणंदेला फोन केला.

दिवाळीच्या आधी नणंदेच्या नवऱ्यानं आत्तींना गाडीतून आणलं. मामा फाटकाशी उभे होते. पुढं झाले नाहीत. आत्तींनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. वॉकर उचलायचा, टेकवायचा, एक पाऊल. उंबऱ्याशी मी हात दिला तर तो झटकला. पुढची खोली, मधली खोली, जिथं त्या पडल्या होत्या ती जागा. तिथं जरा थांबल्या, भिंतीकडं बघितलं, परत निघाल्या. आम्ही सगळे मागं.

स्वयंपाकघराच्या मधोमध जाऊन त्यांनी वॉकर वळवला. हळूहळू, चारी बाजूंनी, पूर्ण एक फेरा. कुठंही काही लागलं नाही.

"एवढंच मागत हुते मी," त्या म्हणाल्या. "एवढंच."

मला रडू आलं नाही. मला आग लागल्यासारखं झालं. एका बाईला एवढ्या जागेसाठी आपलं हाड मोडून घ्यावं लागलं, आणि त्याआधी कुणाला, पोटच्या पोरांनासुद्धा, हे आजारपण आहे का, याला औषध आहे का, हे विचारायचं सुचलं नाही. हसायचं तेवढं सुचलं.

मामा उंबऱ्याबाहेर उभे होते. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मागली खोली अजून तशीच हाय. सांगून ठेवतो."

"असू दे. मला तिकडं काय काम?" आत्ती ओट्याकडं वळल्या. वॉकर बाजूला केला आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. मग मागं न बघता म्हणाल्या, "भायेर का उभा राह्यलाय? दूध द्या की तेवढं."

मामांनी उंबरा ओलांडला. दुधाचं पातेलं उचलून त्यांच्या हाताशी ठेवलं आणि तिथंच, त्यांच्या शेजारी, थांबले. ती दोघं एका वेळी स्वयंपाकघरात उभी असलेली मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा बघत होते.